स्लिथर रिव्ह्यू: डिटेक्टर ठीक, खरा माल एपीआयमध्ये

सॉलिडिटीसाठी, म्हणजे इथेरियमवरचे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारे प्रोग्रॅम) लिहायच्या भाषेसाठी, चुका शोधणारा पहिला स्कॅनर कुठला लावू असं विचारलं की बहुतेक जण स्लिथरच सांगतात, आणि ते बरोबरच आहे. ट्रेल ऑफ बिट्सवाल्यांनी 2018 मध्ये ओपन सोर्स केलेलं, पायथॉनमध्ये लिहिलेलं, फुकट. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जायचं, स्लिथर आणि पुढे एक टिंब टाइप करायचं, बास. प्रोजेक्ट फाउंड्रीचा आहे की हार्डहॅटचा (दोन्ही सॉलिडिटी कोड बांधायची आणि टेस्ट करायची टूल्स) ते त्याचं तो ओळखतो. कोड कंपाइल होत नसेल तर मात्र गाडी तिथेच अडते, आधी ते निस्तरा.

स्पीडला पूर्ण मार्क. कोड चालवून बघत नाही, नुसता वाचतो, त्यामुळे सहसा काही सेकंदांत रिझल्ट हातात, मिथ्रिलसारखी सिम्बॉलिक एक्झिक्यूशनवाली (कोडच्या शक्य त्या वाटा गणिताने तपासणारी) टूल्स मोठ्या कॉन्ट्रॅक्टवर जशी रेंगाळतात तसलं काही नाही (हां, सोर्स नसेल आणि फक्त बाइटकोड, म्हणजे कंपाइल झालेला कोड, असेल तर मिथ्रिलकडेच जावं लागतं).

आता कटकट. पहिल्या रनला स्क्रीन भरून वॉर्निंग येतात, त्यातल्या निम्म्याशिम्म्या नावं कशी लिहिलीत, कंपायलर व्हर्जन कुठलं, ब्लॉक टाइमस्टॅम्प का वापरला, असल्या. रीएन्ट्रन्सी (बाहेर कॉल केला की समोरचा काम पुरं व्हायच्या आत परत आत घुसतो ती चूक) तर तो अनेक प्रकारांत सांगतो, ज्या प्रकाराने 2016 मध्ये द डाओ या इथेरियमवरच्या गुंतवणूक फंडातून 36 लाख इथर गेले तोही आणि फक्त इव्हेंटचा (कॉन्ट्रॅक्टने केलेल्या नोंदींचा) क्रम पुढेमागे होतो तोही. लांडगा आला रे आला झालं की टीम बघायचंच सोडून देते आणि खरी हाय (गंभीर) वॉर्निंग त्यात गाडली जाते. म्हणून इन्फॉर्मेशनल (नुसत्या माहितीच्या) वॉर्निंग बंद करा, डिपेन्डन्सी (बाहेरून आणलेला कोड) वगळा, आणि सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) फक्त हाय आलं तरच बिल्ड पाडा. ट्रायज मोड आहे, एकदा बघून बाजूला टाकलेलं परत दाखवत नाही, तो वापरा.

पण हे सगळं रेडिमेड डिटेक्टरबद्दल, म्हणजे त्यात आधीच असलेल्या तपासण्यांबद्दल, आणि नुसत्या तेवढ्यावर स्लिथरला जोखणं मला पटत नाही. मार्च 2023 मध्ये ऑयलर फायनान्स या क्रिप्टो कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलमधून साधारण 19.7 कोटी डॉलर गेले, ऑडिट झालेले असताना. कारण काय, तर रिझर्व्हला दान करायच्या एका फंक्शनमध्ये, खातं अजून सॉल्व्हंट आहे का, म्हणजे कर्जाला तारण पुरतंय का, हा हेल्थ चेकच नव्हता. कुठल्याही जनरल डिटेक्टरला हे कसं कळणार? कोडमध्ये चूक अशी काही नाहीच, नियमच तुमच्या प्रोटोकॉलचा आहे.

तर तो नियम स्लिथरला सांगता येतो! आतमध्ये तो सॉलिडिटीचं रूपांतर स्लिथआयआर नावाच्या साध्या भाषेत करतो, आणि त्याच्या एपीआयने पायथॉनमधून तुम्ही विचारू शकता की हे फंक्शन कुठले स्टेट व्हेरिएबल (कॉन्ट्रॅक्टमध्ये साठवलेली मूल्यं) लिहितं, आतून कुणाकुणाला कॉल करतं. मग ‘बॅलन्स लिहिणारं बाहेरून बोलावता येणारं प्रत्येक फंक्शन शेवटी हेल्थ चेकपर्यंत पोचतं का’ हे तपासणारं छोटं स्क्रिप्ट होतं, नवीन डेव्हलपरने उद्या अजून एक फंक्शन घुसवलं आणि चेक विसरला तर बिल्ड लाल. मॅन्युअल रिव्ह्यूमध्ये हेच डोळ्यांनी करत बसतो आपण. अर्थात चेक बोलावला एवढंच कळतं, चेकमधलं गणित बरोबर आहे का ते नाही, त्यासाठी एकिडना (रँडम इनपुट मारून बघणारं टूल) किंवा फाउंड्रीच्या इनव्हेरिअंट टेस्ट (ठरलेला नियम कधी मोडतो का ते बघणाऱ्या) लागतातच.

अपग्रेडेबल प्रॉक्सी (मागचा कोड नंतर बदलता येईल असे कॉन्ट्रॅक्ट) असतील तर त्याच्याबरोबर येणारं अपग्रेडेबिलिटी तपासायचं टूल पण चालवा, जुन्या-नव्या व्हर्जनमध्ये स्टोरेजचा क्रम हलला तर सांगतं, हे एकच कारण इन्स्टॉल करायला पुरेसं आहे.

एपीआय शिकायचा असेल तर डॉक्युमेंटेशनपेक्षा त्यांच्याच डिटेक्टरचा कोड उघडून वाचा, रीएन्ट्रन्सीवाला सोडून, तो पहिल्याच दिवशी झेपणार नाही. आणि यावर स्वतःचं टूल बांधून विकायचा विचार असेल तर लायसन्स एजीपीएल (बदललेला कोडही खुला करायला लावणारं) आहे, ते आधी नीट बघून घ्या.