वाढत्या अंगाचा युनिफॉर्म शिवून घेतला, वर्षभराचा अनुभव (चिपळूण)

गेल्या मे मध्ये बाजारपेठेतल्या एका जुन्या टेलरकडे आमच्या जुळ्यांचे आठवीचे युनिफॉर्म टाकले, वर्षभर वापरून झाले म्हणून आता लिहितेय. रेडीमेडवाल्याकडे सगळं "कितवीला आहे?" वर चालतं आणि आमची दोघं एकाच दिवशी जन्मलेली, पण तेव्हा मुलगी 153 सेंमी आणि मुलगा 147! सातवीच्या वर्षात ती 8 वाढली, हा जेमतेम 5. सासूबाईंचं रोज सुरू, ह्याला दूध वाढव, बारला लटकू दे. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी चार्ट काढून दाखवला, मुलींची उंची 10-11 ला झपाट्याने सुटते, मुलांची साधारण दोन वर्षं उशिरा, तोवर वर्षाला 5 सेंमी म्हणजे व्यवस्थित आहे.

आता मास्तरांची कमाल ऐका, टेप लावायच्या आधीच विचारतात, "वहिनी, ह्याचा चपलेचा नंबर बदलला काय ओ?" बदलला होता, 4 चा थेट 6! "मग झालं, आधी पावलं सुटतात, मागनं उंची," म्हणत पँटला खाली तीन इंच माया (आत दुमडलेलं जास्तीचं कापड) सोडली. मुलीच्या सलवारीला मात्र इंचभरच. ते बरोबरच होतं, तिची पाळी जानेवारीत सुरू झालेली आणि त्यानंतर साधारण 5 ते 7 सेंमीच वाढ उरते असं डॉक्टर बोलले होते, पण मास्तरांनी नुसतं बघून कसं ओळखलं देव जाणे.

गणपतीत पँटची पहिली घडी सोडली, शिमग्याला दुसरी. दारामागच्या पेन्सिलीच्या रेघांवर तो आता 156, ती 157, आणि घरात रोज पाठीला पाठ लावून भांडणं.

तक्रारी पण आहेत. 15 जूनचा वायदा, मिळाले आठवड्याने, तोवर जुन्या हाफ पँटवर शाळा. घडी सोडली की तिथलं कापड गडद आणि वरचं विटलेलं, रेघ लांबून दिसते. टेरिकॉट इतकं जाड की श्रावणात दोन दिवस दोरीवर टाकूनही इस्त्रीनेच वाळवायचं. आणि शर्टाच्या खांद्यात माया ठेवलीच नाही, फेब्रुवारीत दोन्ही शर्ट बाद! विचारलं तर मास्तर हसत म्हणे, "खांदे एवढ्यात भरतील असं वाटलं नव्हतं."

चार स्टार. नववीचं पण त्यांच्याकडेच टाकलंय, फक्त ह्यावेळी एप्रिलमध्येच.