विचर ३ मधला सिगी रूवेन: मांडवली करावी तर यानेच, फक्त तो शेवट...

विचर ३ मे २०१५ ला आला, डिसेंबर २०२२ ला ग्राफिक्सचं मोठं अपडेट फुकटात मिळालं, त्यामुळे गेम दिसतो कसा, चालतो कसा यावर भरपूर लिहून झालंय. मला एकाच माणसाबद्दल लिहायचंय, गेममधल्या नोव्हिग्राड शहरातल्या हमामाचा मालक सिगी रूवेन. पुढे शेवटापर्यंतचे स्पॉयलर आहेत, ज्यांचं खेळायचं बाकी आहे त्यांनी नंतर वाचा.

नोव्हिग्राडमध्ये वरवर सगळं इटर्नल फायर या धर्मपंथवाल्यांचं चालतं, चौकात जादूगारांना जिवंत जाळतायत, गल्लोगल्ली जादूगारांना पकडणारे विच हंटर फिरतायत. पण शहराचा खरा धंदा चार भाई लोकांच्या हातात आहे: सिगी, भिकाऱ्यांचा राजा बेडलम, क्लीव्हर नावाचा ड्वार्फ आणि तो विकृत होरसन ज्युनियर. ज्युनियरसारखा व्हिलन कुठल्याही गेममध्ये सापडेल. सिगी सापडणार नाही.

त्याची एंट्रीच बघा ना. गेराल्टला, म्हणजे आपण ज्याला खेळवतो त्या हिरोला, कपडे उतरवून टॉवेलवर आत जावं लागतं आणि तिथे वाफेत बसून शहराचे दादा लोक मीटिंग करतायत. सिगी जाडजूड, टक्कल पडलेला, लंगडत चालणारा माणूस, आवाज चढवत नाही, समोरच्याला काय हवंय हे त्याला आधीच माहीत असतं. कारण हा मुळात सिगिसमुंड डाइक्स्ट्रा, रेडेनिया या राज्याच्या हेरखात्याचा जुना प्रमुख, नाव बदलून इथे बसलाय. आणि ती लंगड गेराल्टनेच पूर्वी दिलेली आहे! तरी त्याच गेराल्टबरोबर तो व्यवहार करतो, राग गिळून, कारण त्याचा खजिना चोरीला गेलाय आणि गेराल्टला त्याच्या बेपत्ता मित्राचा, डँडेलियनचा पत्ता पाहिजे. मला हे लिखाण जबरदस्त वाटतं. शहरात विव्हाल्डीची बँक आहे, तिथे फ्लोरेन, ओरेन ही परकी नाणी देऊन इथले क्राउन घ्यायचे, विषय संपला. सिगीकडे हिशोब असा संपत नाही, त्याच्याकडे खातं चालतं ते उपकारांचं आणि बातम्यांचं, तू माझा खजिना शोध, मी तुला ज्युनियरपर्यंत पोचवतो. गेममधे इतर ठिकाणी माहिती काढायची म्हणजे कुणाला तरी बडवायचं नाहीतर कुणाचं तरी काम करून द्यायचं, इथे प्रत्येक वाक्यात समोरचा आपल्याकडून काय काढून घेतोय याचा विचार करावा लागतो.

आता राग येतो तो भाग. रीझन ऑफ स्टेट ही क्वेस्ट, म्हणजे गेममधली एक कामगिरी. रेडेनियाचा राजा रॅडोव्हिड याला संपवायचा कट सिगी आणि टेमेरिया राज्याचे रोश आणि थेलर मिळून करतात, तो जमतो पण, आणि त्यानंतर हा माणूस गेराल्टच्या डोळ्यांदेखत रोश, थेलर आणि रोशची साथीदार व्हेस यांना मारायला निघतो आणि गेराल्टला म्हणतो तू बाजूला हो. अरे! गेराल्ट आणि रोश मित्र आहेत हे ज्याला माहीत आहे, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातून कामं करून घेतली, तो इतका कच्चा डाव टाकेल? गेराल्ट निघून जाईपर्यंत थांबला असता तरी काम झालं असतं. त्याचा हेतू मला पटतो, रोशने दक्षिणेकडून चाल करून आलेल्या निल्फगार्ड साम्राज्याशी केलेला सौदा त्याला मान्य नाही आणि उत्तरेला धड राज्यकर्ता पाहिजे हे त्याचं म्हणणं चुकीचं नाहीच, आपण बाजूला झालो तर तो युद्ध जिंकूनही दाखवतो. पण तो सीन घाईत लिहिलाय, लेखकांना आपल्यासमोर एक मोठा चॉइस ठेवायचा होता म्हणून त्यांनी सगळ्यात हुशार पात्राला दहा मिनिटांसाठी मूर्ख केलं. मी तरी हे माफ करू शकत नाही.

तरीही साडेचार स्टार, अर्धा त्या सीनसाठी कापला. नवीन खेळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, फिलिपा नावाची जादूगारीण हमामात धुमाकूळ घालते तेव्हा सिगी वाट अडवून उभा राहतो, तिथे त्याला जोरात ढकलायचा ऑप्शन येतो, तो घेऊ नका, पाय परत मोडतो आणि रीझन ऑफ स्टेट कायमची हातची जाते. आणि ग्वेंट, म्हणजे गेममधला पत्त्यांचा खेळ, खेळत असाल तर त्याच्याशी एक डाव नक्की खेळा, जिंकलात की एस्टेराड थायसनचं कार्ड मिळतं.