वकीलबाई महाग आहेत, फोनवर मिळत नाहीत, तरी चार स्टार

आधीच सांगते, नाव लिहिणार नाहीये. माझी केस कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे, वकिलाचं नाव टाकलं की माझं शोधायला पाच मिनिटं पुरतील आणि तेवढी हौस मला नाही. न्यू जर्सीतल्या बाई आहेत, मराठी नाहीत, आणि करिअरची बहुतेक वर्षं फेडरल कोर्टात सरकारवर दावे लावण्यातच गेलीत. पाचपैकी चार.

आपल्यातल्या बहुतेकांचा इमिग्रेशन वकिलाशी संबंध येतो तो कंपनीच्या वकिलाशी. एच-वन व्हिसा, त्याचं एक्स्टेन्शन, ग्रीन कार्डसाठीचे पर्म आणि आय-१४० हे टप्पे, सगळं तेच बघणार, आपण सह्या करायच्या आणि पासपोर्टची पानं स्कॅन करून पाठवायची, त्यामुळे वकील म्हणजे महागातला फॉर्म भरणारा असंच डोक्यात बसलेलं असतं. ते वकील वाईट असतात असं नाही, पण त्यांच्यातले कितीतरी जण कोर्टाची पायरी कधी चढलेले नसतात आणि त्यांना गरजही पडत नाही. गरज पडते ती माझ्यासारख्यांना.

माझं प्रकरण म्हटलं तर साधं. अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज, इंटरव्ह्यू झाला, इंग्लिश पास, सिव्हिक्स पास, ऑफिसर हसून म्हणाला कळवू, आणि त्यानंतर काहीच नाही. ऑनलाइन स्टेटस हलेना, चौकशी टाकली की तेच ठरलेलं उत्तर, काँग्रेसमनच्या ऑफिसातून विचारून घेतलं तर त्यांनाही शब्द न शब्द तेच उत्तर. आता कायदा असा आहे की इंटरव्ह्यू झाल्यापासून १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर तुम्ही राहता तिथल्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात जाऊ शकता, आणि जज एकतर स्वतः निर्णय देतो नाहीतर अमुक करा असं सांगून अर्ज परत खात्याकडे पाठवतो. लोक याला सरसकट मँडॅमस, म्हणजे खात्याला अडलेलं काम करायला लावायचा दावा, म्हणतात, पण बाईंनी पहिल्याच कन्सल्टेशनमध्ये कागद पुढे ओढून दोन रकाने पाडले आणि फरक समजावला. ग्रीन कार्ड अडकलंय किंवा इंटरव्ह्यूच लागत नाहीये, तर तो मँडॅमसचा रस्ता, आणि तिथे बऱ्याचदा दिवसांचा आकडाच नसतो, सरकारी खात्यांनी कसं काम करायचं ते सांगणारा १९४६ चा एपीए कायदा नुसतं ‘वाजवी वेळेत’ म्हणतो आणि वाजवी म्हणजे किती हे ठरवायला कोर्टं अजून १९८४ च्या टीआरएसी नावाच्या एका केसमधले सहा मुद्दे घेऊन बसतात. माझ्याकडे १२० हा सरळ आकडा होता. ‘तुमचा रकाना सोपा आहे, पण सोपा म्हणून घाई नको,’ असं म्हणाल्या आणि मग तासभर उलट मलाच प्रश्न.

हा तासच मला सगळ्यात आवडला. सहा महिन्यांच्या वर भारतात राहिलात का, मधे नोकरी बदलली तेव्हा ग्रीन कार्ड कुठल्या टप्प्यावर होतं, टॅक्स सगळे भरलेत का, कधी पोलिसांनी थांबवलंय का, अगदी जुनं, मिटलेलं, वकिलाने विसरा म्हणून सांगितलेलं. कारण दावा लावला की निर्णय लवकर येतो, पण तो हो असेल असं काही नाही, फाइलमध्ये कच्चा दुवा असेल तर नकारही तेवढ्याच लवकर येतो. दुसऱ्या एका ऑफिसात मी चौकशी केली होती, तिथे पंधरा मिनिटांत ‘गॅरंटीने होईल’ आणि लगेच कार्ड स्वाइप करायचं मशीन पुढे. गॅरंटी शब्द ऐकला की उठून निघायचं, एवढं तरी आपल्याला कळतं.

आता मी काय केलं ते सांगते कारण वकील निवडणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल. बाईंना म्हटलं, तुमच्या आधीच्या केसेसचे नंबर द्या. न कुरकुरता दिले. फेडरल कोर्टाच्या केसेस पेसर नावाच्या सरकारी सिस्टीमवर अकाउंट काढून कोणालाही बघता येतात, पानाला १० सेंट, एका डॉक्युमेंटला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर तेही माफ. इमिग्रेशनच्या केसमधला मूळ अर्ज आणि जोडलेली कागदपत्रं बाहेरच्यांना घरबसल्या दिसत नाहीत, तो नियमच आहे, पण डॉकेट, म्हणजे केसमध्ये कधी काय झालं याची नोंदवही, दिसतं आणि जजच्या ऑर्डर दिसतात, आणि मला तेवढं पुरलं. वेबसाइटवरचे हसरे फोटो आणि ‘अग्रगण्य’ वगैरे विशेषणं वाचण्यापेक्षा डॉकेट वाचा. कोणाच्या तारखा चुकतात, कोण प्रत्येक वेळी मुदत वाढवून मागतं, कोणाच्या अर्जावर जज चिडलाय, सगळं ओळीओळीने तारखेसकट.

बाईंच्या बऱ्याच केसेस दोन-तीन महिन्यांत गुपचूप मिटलेल्या दिसल्या. ते कसं होतं तर दाव्याची प्रत सरकारी वकिलाच्या ऑफिसला पोचली की उत्तर द्यायला त्यांना ६० दिवस असतात, आणि त्या ६० दिवसांत कोणीतरी पहिल्यांदाच ती फाइल उघडून बघतं, बऱ्याचदा मामला तिथेच संपतो. पण एका केसमध्ये बाई चक्क हरलेल्या आहेत. मँडॅमस होती, जजने लिहिलंय की याला पुढे घेतलं तर रांगेतला दुसरा मागे जाणार, मग फायदा कोणाचा झाला. मी त्यांना थेट विचारलं याच्याबद्दल. म्हणाल्या, ‘ती लावायला नको होती. आज लावणार नाही.’ सारवासारव नाही, जजला शिव्या नाहीत. मी त्याच दिवशी सही केली.

आणि नाही म्हणायची सवय खरंच आहे त्यांना. माझा दीर ईबी-२ च्या, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डच्या, रांगेत किती वर्षं आहे ते विचारूच नका, त्याच्या मनात आलं आपणही दावा लावू. बाईंनी कन्सल्टेशनचे पैसे घेतले आणि दहा मिनिटांत बाहेर काढला. वर्षाला नोकरीवाली ग्रीन कार्डं साधारण १,४०,००० आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, हे काँग्रेसने केलेलं आहे, रांगेत तुमची तारीख आली नसेल, म्हणजे करंट नसेल, तर जज व्हिसा नंबर जन्माला घालू शकत नाही. तो अजून नाराज आहे, म्हणतो दुसरा वकील तयार आहे. असेल, पैसे घ्यायला तयार कोण नसतं.

माझ्या केसचं पुढे काय झालं ते थोडक्यात. न्यूअर्कच्या फेडरल कोर्टात दावा पडला, सरकारी वकिलाने मुदत संपायच्या आत बाईंना फोन केला, दोघांनी मिळून जजला लिहून दिलं की अर्ज परत पाठवा, ठरलेल्या तारखेच्या आत निर्णय देतो, जजने सही केली, निर्णय आला, शपथ झाली. मी कोर्टात एकदाही गेले नाही. सासूबाईंना वाटलं होतं सरकारवर केस म्हणजे घरी पोलीस येणार.

आता तक्रारी. फोनवर बाई मिळत नाहीत म्हणजे नाहीत. पॅरालीगल हुशार आहे, पण प्रत्येक गोष्टीला ‘मॅडमना विचारून सांगते’, आणि मॅडमचं ईमेल येतं ते एका ओळीचं, नमस्कार नाही चमत्कार नाही. एकदा तर नुसतं ‘नो’ आलं, आणि मी दोन प्रश्न विचारले होते! टेन्शनमध्ये असलेल्या माणसाला एवढ्यावर झोप लागत नाही हो. पाचवा स्टार इथे गेला. फी फ्लॅट आहे, काही हजार डॉलर, कोर्टाची ४०५ डॉलर फाइलिंग फी वेगळी, सर्टिफाइड मेलचा खर्च वेगळा, सगळं आधी लिहून देतात त्यामुळे फसवणूक नाही पण रक्कम टोचते. वकिलाची फी सरकारकडून परत मिळण्याचा एक कायदा आहे, ईएजेए, १९८० चा, त्याबद्दल काही ऑफिसं फार गोड बोलतात. बाईंनी स्वच्छ सांगितलं की केस आपसात मिटली तर ते पैसे धरून चालू नका.

महाग का हे मला नंतर कळलं, म्हणजे माझा अंदाज आहे. आमच्यासारख्या पैसे देऊ शकणाऱ्यांच्या केसेसवर बाकीची चालतात. महिन्यातून एका शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये त्यांचा नागरिकत्वाच्या फॉर्मचा फुकट क्लिनिक असतो, शपथ झाल्यावर मी तिथे कागदपत्रं तपासायला जायला लागले म्हणून बघितलंय, ऑफिसात ‘नो’ लिहिणारी बाई तिथे एका आजोबांबरोबर पाऊण तास बसून त्यांच्या तीस वर्षांच्या पत्त्यांची यादी जुळवत होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांची सेव्हिस रेकॉर्डं, म्हणजे सरकारकडची परदेशी विद्यार्थ्यांची नोंद, एकाएकी बंद झाली, आपली बरीच मुलं होती त्यात, कोणाचं कारण तर नुसता ट्रॅफिकचा मामला. देशभर दावे पडले, जजनी धडाधड तात्पुरते मनाई हुकूम दिले आणि २५ एप्रिलला सरकारने कोर्टात सांगितलं की रेकॉर्ड परत चालू करतोय. त्या दिवसांत बाईंनी काही मुलांच्या केसेस एक पैसा न घेता चालवल्या. डिटेन्शनमधल्या लोकांच्या हेबियस पिटिशनही, म्हणजे ही कोठडी कायदेशीर आहे का ते कोर्टाला तपासायला लावणारे अर्ज, करतात, तिची कोर्ट फी फक्त ५ डॉलर आहे, खर्च सगळा वकिलाच्या वेळेचा, आणि इमिग्रेशनच्या केसमध्ये सरकार तुम्हाला वकील देत नाही, हवा तर स्वतःच्या खर्चाने आणा. अमेरिकन बार असोसिएशन म्हणते वकिलाने वर्षाला ५० तास तरी फुकट काम करावं. बाईंचे ५० जानेवारी-फेब्रुवारीतच संपत असतील.

जाता जाता, अशा वकिलांचं आपल्याला कौतुक कमी. एल-२ वर, म्हणजे कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, वेगळं ईएडी म्हणजे कामाचं परवाना-कार्ड न काढता काम करणाऱ्या कितीजणींना माहीत असतं की हे नोव्हेंबर २०२१ मधल्या शेरगिल केसच्या तडजोडीतून आलंय, कोणीतरी दावा लावला म्हणून? आणि हे आजचं नाही. १९२३ ला सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व नाकारलं, त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. मग त्याच निकालाच्या जोरावर सरकार पंडितांचंच नागरिकत्व काढून घ्यायला निघालं, १९१४ ला मिळालेलं. स्वतःची ती केस मात्र पंडित १९२६ मध्ये नाइन्थ सर्किटच्या अपील कोर्टात जिंकले. हे मला बाईंनीच सांगितलं, त्यांना त्या नावाचा उच्चार नीट येत नव्हता तो मी दुरुस्त केला, तेवढं एक माझ्याकडून त्यांना.

तर कोणी जावं? इंटरव्ह्यू होऊन १२० दिवस उलटलेत, किंवा अर्ज सर्वसाधारण वेळेच्या कितीतरी पुढे गेलाय आणि फाइल स्वच्छ आहे, त्यांनी. नुसतं एच-वन एक्स्टेन्शन असेल तर यांच्याकडे जाऊ नका, घेतही नाहीत. आणि जाताना सगळ्या प्रवासाच्या तारखा, जुन्या नोटिसा, टॅक्सचे ट्रान्सक्रिप्ट बरोबर ठेवा, कारण पहिल्या तासाचं बिल लागतं आणि तो तास तारखा आठवण्यात घालवणं परवडत नाही.