स्लीपिंग बॅग अकरा महिने वापरून : ऊब मिळते, पण चेनच्या रनरचं काय?

हे लिहायला मुद्दाम थांबले होते, कारण कंपनीशी मेल चालू होते आणि काहीतरी मार्ग निघेल असं वाटत होतं. परवा शेवटचं उत्तर आलं, 'रिक्वेस्ट क्लोज्ड'. मग आता सगळं लिहूनच टाकते. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण असा रनर (चेन लावायला-उघडायला सरकवतो तो तुकडा) बऱ्याच कंपन्यांच्या बॅगांना असतो.

बॅग मागच्या नोव्हेंबरात घेतली, दिवाळी सेलमध्ये १०,२०० ला. पिसांची, ६५० फिल पॉवर (पिसं किती फुगतात त्याचं माप), वजन १,३५० ग्रॅम, ममी शेप म्हणजे पायाकडे निमुळती, एका बाजूला डोक्यापासून घोट्यापर्यंत चेन. वेबसाईटवर थंडीचा आकडा उणे ११ दिला होता. दहा हजार ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही, घेण्याआधी दोन महिने विचार केला होता. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर दोन रात्री वापरली, तेव्हा एवढी गरम झाली की अर्धी चेन उघडी टाकून झोपले. तेव्हा लगेच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. रुमत्से ते कोरझोक, म्हणजे लडाखमधल्या चांगथांग पठारातून त्सो मोरीरी तलावापर्यंत सात मुक्काम. लेहला ३,५०० मीटरवर तीन दिवस नुसते बसून काढले (हे दिवस कोणीही कापू नका), मग गाडीने रुमत्से आणि तिथून चालायला सुरुवात. आम्ही डोंबिवली-ठाण्याचे सहा जण, एक गाईड, कुक आणि दोन घोडेवाले.

पहिला मुक्काम क्यामार. संध्याकाळी ऊन गेलं आणि दहा मिनिटांत बोटं वाकेनात. रात्री बॅगेत पाय गरमच होईनात, दोन मोजे घालूनसुद्धा, आणि मी मनातल्या मनात कंपनीला नको नको ते बोलले, की उणे अकरा लिहिलंय आणि इथे फार तर उणे तीन-चार असेल आणि मी कुडकुडतेय. सकाळी बॅगेच्या आतलं लेबल नीट वाचलं. त्यावर तीन आकडे आहेत, कम्फर्ट उणे ५, लिमिट उणे ११, एक्स्ट्रीम उणे २९. वेबसाईटवर मोठ्या अक्षरात फक्त उणे ११ होतं. परत आल्यावर शोधून वाचलं तेव्हा कळलं की ज्या टेस्टमधून हे आकडे येतात तिच्यात कम्फर्टचा आकडा सर्वसाधारण बाईच्या हिशोबाने काढतात आणि लिमिटचा सर्वसाधारण पुरुषाच्या, तोही अंग आक्रसून झोपलेला धरून. एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचेल, झोप विसरा. म्हणजे मी घेताना उणे ५ बघायला हवं होतं, आणि उणे ५ च्या बॅगेत उणे चारला, चालून दमलेल्या आणि नीट न जेवलेल्या बाईचे पाय गार पडणारच. तेव्हा थंडीबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतली. बायकांनो, पहिला आकडा बघा, आणि त्यातूनही चार-पाच डिग्री हातचे ठेवा.

दुसऱ्या रात्रीपासून गाईडने सांगितलं तसं केलं. झोपायच्या आधी पोटभर गरम थुक्पा (नूडल्सचं सूप), उकळत्या पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी, आणि दिवसभराचे घामट कपडे बदलून कोरडे. आणि रोज दुपारी कॅम्पला पोचल्या पोचल्या बॅग उलटी करून तंबूवर वाळत घालायची. रात्रभरात अंगातला ओलावा पिसांत शिरतो आणि ती दबतात, पण तिथलं ऊन इतकं कोरडं आहे की अर्ध्या तासात बॅग भाकरीसारखी टम्म फुगते. हेच जुलैमध्ये डोंबिवलीत करून पाहिलं होतं तर दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही चपटीच. (घरी ती तिच्या छोट्या पोतडीत कोंबून ठेवू नका, जुन्या गादीची सुती खोळ असते त्यात सैल ठेवा.)

त्या दुसऱ्या दिवशी 'क्यामार ला' आणि 'मंडलचन ला' ('ला' म्हणजे खिंड) असे दोन खिंडींचे चढ होते, आणि रात्री तिसालिंगला बॅगेत शिरले ती सकाळीच उठले. म्हणजे ऊब आहे, खरंच आहे, पिसांत फसवाफसवी नाही.

आता चेन.

ज्यांना वाटेल की एका रनरवर एवढं काय लिहायचं, त्यांच्यासाठी आधी हे सांगते. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. त्यासाठी दिवसाला चार लिटर पाणी प्या म्हणतात, वर मी डॉक्टरांना विचारून डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणूनची गोळी) घेत होते, त्याने लघवी जास्त होते. म्हणजे रात्री तीनदा बाहेर जाणं आलं, चेन उघड, चेन लाव, असं सहा वेळा. शिवाय झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून जाग येते, त्या उंचीवर हे बऱ्याच जणांना होतं, आणि जाग आल्या आल्या माणूस पहिल्यांदा चेन खाली ओढतो. त्या क्षणी ती अडकली तर काय वाटतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. माझी अडकत होती, पहिल्या रात्रीपासून. बॅगेचं कापड पातळ, चेनच्या कडेला जी कडक पट्टी असायला हवी ती नाही, त्यामुळे रनर कापड गिळतो. अंधारात, हातमोजे काढून, हेडटॉर्च तोंडात धरून ते कापड सोडवायचं.

तिसऱ्या दिवशी 'शिबुक ला' ओलांडला आणि वरून त्सो कार हे खारं तळं दिसलं. कडेला मिठाचा पांढरा थर, चांगपा लोक (इथले भटके मेंढपाळ) पूर्वी हेच मीठ गोळा करून व्यापाराला न्यायचे. काठाच्या गवतात काळ्या मानेचे क्रौंच होते, आणि लांब कियांगांचा (रानगाढवांचा) कळप धूळ उडवत चालला होता. तिथे बसून मी खूप वेळ काही बोलले नाही. पण संध्याकाळी पोंगुनागूला वारा सुटला आणि ती बारीक पांढरी धूळ तंबूत, दातांत, चेनमध्ये, सगळीकडे. चौथ्या रात्री नुरुचनला चेन लावली आणि रनरच्या मागून ती आपोआप उघडत गेली, दात धरेचनात. पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा तेच.

असं होतं तेव्हा बहुतेक वेळा दात ठीक असतात, रनर झिजलेला असतो. रनरच्या दोन ओठांमधली फट धुळीने आणि वापराने रुंद होते, मग तो दोन्ही बाजू पुरेशा दाबत नाही आणि त्या एकमेकींत अडकत नाहीत. घोडेवाल्या दादांना हे बरोबर माहीत होतं. त्यांनी नालेच्या सामानातली पक्कड काढली, रनर दोन्ही कडांनी अलगद दाबला आणि चेन लागली. ती रात्र निघाली. सकाळी मी उघडायला गेले तर रनरची एक कड तुटून हातात आली. कच्चा ओतीव धातू, दाबलेला सोसला नाही. दहा हजारांच्या बॅगेतला हा सगळ्यात स्वस्त तुकडा असणार आणि नेमका तोच असा.

अजून दोन तंबूतल्या रात्री बाकी होत्या, त्यातली एक सगळ्यात उंच कॅम्पची. त्या दिवशी चालताना मी डोंगर पाहिलेच नाहीत, डोक्यात फक्त रात्र होती.

राजुंगकारूला चांगपांचा डेरा होता. याकच्या केसांचे काळे रेबो म्हणजे तंबू, आजूबाजूला शेकड्यांनी मेंढ्या आणि चांगरा बकऱ्या. पश्मिना म्हणतात ती याच बकऱ्यांची आतली लव, थंडीसाठी अंगावर येते आणि उन्हाळा लागला की विंचरून काढतात. घोडेवाल्यांची तिथे ओळख होती म्हणून आम्हाला एका रेबोत बोलावलं, गुरगुर चहा (लोणी-मीठ घातलेला) दिला, वाळवलेलं छुरपे (चीज) दिलं. मध्ये चूल, वर धूर जायला फट, आणि ऊन त्या विणीतून ठिपक्या ठिपक्यांनी आत येत होतं. रेबोच्या पट्ट्या वेगवेगळ्या रंगांच्या दिसल्या, काही विटून तपकिरी झालेल्या तर मधे एखादी नवीकोरी काळी. विचारलं तर म्हणाले, जी पट्टी जुनी झाली ती काढायची आणि तिथे नवी शिवायची.

दादांनी माझ्या चेनची गोष्ट सांगितली असणार, कारण तिथल्या आजींनी हाताने खूण करून बॅग मागितली. सगळे त्यांना आबी-ले (लडाखीत आजी) म्हणत होते. त्यांनी चेन दोन बोटांत धरून बघितली, आतलं कापड चोळून बघितलं, पीस टोचून बाहेर आलं होतं ते परत आत सारलं. मग जाड सुई आणि तपकिरी लोकरीचा दोरा काढला आणि पायापासून कमरेपर्यंत चेनच्या दोन्ही कडा एकमेकींना शिवून टाकल्या. पिसांच्या कप्प्याला सुई लागू दिली नाही, फक्त चेनच्या कापडी कडेतून घेतली. पाऊण तास लागला असेल. वरचा भाग मोकळा ठेवला आणि तिथे तीन बंद लावून दिले, झबल्याला असतात तसे. दादांनी हिंदीत सांगितलं, आबी-ले म्हणतायत आता वरून आत शिर, पोत्यासारखी. मी पैसे पुढे केले ते त्यांनी घेतले नाहीत, माझ्याकडचे शेंगदाण्याचे लाडू मात्र घेतले आणि नातवंडांना वाटले.

त्या रात्री आणि पुढच्या रात्री ग्यामारला मी गाढ झोपले. ग्यामारला सकाळी बाटलीतलं पाणी गोठलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. खरं तर चेन चालू असतानाही इतकी ऊब नव्हती, चेनच्या फटीतून जो गार वारा शिरायचा तो बंद झाला होता. बाहेर जाताना बंद सोडायचे, खांद्यावरून बॅग खाली ढकलायची, झालं.

शेवटचा 'यालुंग न्याउ ला' ५,४०० मीटरच्या वर आहे, तो ओलांडून उतरलो आणि खाली त्सो मोरीरी. त्या निळ्या रंगाबद्दल मी लिहायचा प्रयत्न करत नाही. कोरझोकला गोंपात (बौद्ध मठात) गेलो, द्रुक्पा परंपरेचा आहे. संध्याकाळची पूजा चालू होती, लोण्याचे दिवे, खाली ढोलाचा आवाज. मी बसून राहिले आणि आबी-लेंसाठी हात जोडले. गावाबाहेरच्या मणी भिंतींना (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) उजव्या हाताला ठेवून जायचं असतं, तसं चालत पूर्ण फेरी मारली.

डोंबिवलीला आल्यावर कंपनीला फोटो पाठवले. वॉरंटी एक वर्षाची, नऊ महिने झाले होते. पहिलं उत्तर, चेन म्हणजे झिजणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही. मी लिहिलं, बरं, रनर विकत द्या, पैसे देते. उत्तर, सुटे भाग विकत नाही, बॅग पाठवा. ४५० रुपये कुरिअर करून पाठवली. तीन आठवड्यांनी मेल आला की बाहेरून शिलाई केलेली आहे, त्यामुळे वॉरंटी रद्द, पूर्ण चेन बदलायचे २,८०० आणि सहा आठवडे. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू, त्या मेलमध्ये आबी-लेंच्या शिलाईला 'डॅमेज' म्हटलं होतं. ज्या शिलाईने माझ्या दोन रात्री काढल्या, जिचा एक टाका सुटलेला नाही, ती डॅमेज आणि तुमचा तुटलेला रनर नॉर्मल! मी तीन मेल लिहिले, शांतपणे, मुद्देसूद. बॅग परत आली, परतीचं कुरिअरही माझ्याच खर्चाने.

मग मागच्या रविवारी स्टेशनजवळ जे दादा बॅगांच्या चेन बदलून देतात त्यांच्याकडे गेले. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, ताई चेन एकदम चांगली आहे, रनर पाच नंबरचा लागेल. शिलाई उसवावी लागणार होती, ती मी स्वतः घरी ब्लेडने एकेक टाका करून काढून नेली होती. चार मिनिटं, साठ रुपये. रनर पितळी दिला, हाताला जड लागतो. तेव्हापासून दोनशे वेळा तरी चेन वर-खाली करून बघितली असेल, एकदाही उघडली नाही. कापड अजून अडकतं, त्यासाठी चेनच्या आतल्या कडेला टेलरकडून नाडीची कडक पट्टी लावून घेणार आहे.

म्हणून माझं मत असं : पिसांना आणि उबेला पाचपैकी साडेचार, चेनला एक, सर्व्हिसला शून्य. मधे एकदा बॅग विकून टाकायचा विचार होता, आता नाही. पुढच्या उन्हाळ्यात लडाखमधलाच मार्खा व्हॅलीचा ट्रेक करायचाय, निमालिंगचा कॅम्प ४,८०० मीटरच्या आसपास आहे, तिथे हीच नेणार. कोणीही अशी बॅग घेतली असेल तर ट्रेकला निघायच्या आधी चेनवरचा नंबर बघून एक जादा रनर, छोटी पक्कड आणि जाड सुई-दोरा सोबत ठेवा, सगळं मिळून शंभर रुपये होत नाहीत. मी दोन रनर घेऊन ठेवलेत, आणि आबी-लेंचा दोरा एकावर गुंडाळून बॅगेच्या आतल्या खिशात ठेवलाय.