ट्रॉम्सो की आबिस्को?

उत्तरप्रकाश (रात्रीच्या आभाळात नाचणारे रंगीत ‘नॉर्दर्न लाइट्स’) बघायला सहकुटुंब निघणाऱ्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं. दोन्ही ठिकाणं आर्क्टिक वृत्ताच्या वर, शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. खरा फरक ढगांचा.

नॉर्वेतलं ट्रॉम्सो समुद्राकाठी. उबदार सागरी प्रवाहामुळे जानेवारीतही पारा साधारण उणे चार-पाचच्या आसपास; आजी-आजोबांना झेपेल. विमानतळ गावालगत, हॉटेलं भरपूर, केबल कार आहे, भारतीय जेवणही मिळतं. पण आभाळाचा भरवसा नाही. मग गाईडच्या बसमधून मोकळं आकाश शोधत कधी कधी थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत जायचं, मागच्या सीटवर पोरं पेंगलेली.

स्वीडनमधलं आबिस्को डोंगरांच्या पर्जन्यछायेत (आपला माणदेशच, फक्त गोठलेला). त्यामुळे टोर्नेट्रॅस्क तलावावरचं आकाश पुष्कळदा निरभ्र. खोलीबाहेर पडलं की काम झालं. मात्र उणे वीसची तयारी हवी, आणि गाव एवढंसं, की दिवसा मुलं कंटाळतात. स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे थेट येते, हे त्यातल्या त्यात बरं.

हातात दोन-तीनच रात्री असतील तर मी आबिस्कोच म्हणेन. तान्हं मूल सोबत असेल तर ट्रॉम्सो, पण रजा थोडी जास्त टाका.