सेकंडहँड कॅनन ४०० एमएम: आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात पुण्याच्या एका काकांकडून दूरचे पक्षी टिपायला कॅननची ४०० एमएम एफ/५.६ एल लेन्स घेतली. ओळख फक्त फोटोग्राफीच्या ऑनलाइन ग्रुपवरची. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात.

त्याआधी एकदा हात पोळले होते. ‘एकदम मिंट’, म्हणजे नव्यासारखी, म्हणून घेतलेली लेन्स उघडली तर आत बुरशीचं जाळं. पैसे पोचल्यावर विकणाऱ्याने फोनच उचलला नाही. त्याने पाठवलेले सगळे फोटो बाहेरून काढलेले होते, आणि आतला एक तरी पाठवा, असं म्हणायचं मलाही सुचलं नव्हतं.

काकांनी मात्र मी विचारायच्या आधीच सांगितलं, “अगं, पुढच्या काचेच्या आत, कडेला थोडी फंगस आहे. टॉर्च मारून फोटो काढलाय. तो बघ, मग ठरव.” फोटोत लेन्सशेजारी चिठ्ठी, तिच्यावर माझं नाव आणि त्याच दिवसाची तारीख. लेन्स कॅमेऱ्याला जोडतात त्या माउंटजवळचा कोड ‘यूडब्ल्यू’ने सुरू होणारा. यू म्हणजे जपानमधला उत्सुनोमियाचा कारखाना, डब्ल्यू म्हणजे २००८ साली बनलेली. बिल २००९चं, म्हणजे जुळलं. निम्मे पैसे मी आधी दिले, उरलेले पार्सल उघडून, लेन्स लावून बघितल्यावर. निम्मे पैसे बाकी असताना लेन्स कुरिअरला देणारा माणूसही माझ्यावर तेवढाच विश्वास टाकत होता, हे मी विसरणार नाही.

हिवाळाभर वढवाणा तलावावर होते. बडोदा संस्थानाने १९१०मध्ये सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस पहाटे पाण्यावरून उठले की ही लेन्स हातात असावी! वजन सव्वा किलो, त्यामुळे ट्रायपॉड लागत नाही. फोकस झटकन बसतो, पिसांची कड न कड दिसते. हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवत नाही. ढगाळ सकाळी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, चढवावाच लागतो. साडेतीन मीटरच्या आत फोकस होत नाही, त्यामुळे गच्चीतल्या जास्वंदीवरचा इवलासा शिंजीर पक्षी हिच्यातून टिपता येत नाही. काचेवर तिरपं ऊन येऊ न देणारं, लेन्सलाच जोडलेलं हूड ढिलं झालंय, चालताना मागे सरकतं. फंगस जाणवते ती सूर्य समोर असताना, तेव्हा काळा रंग जरा धुरकट येतो. एरवी काही नाही.

मार्चमध्ये माझी जुनी ५५-२५० एमएम लेन्स विकायला काढली, तर एकाने ‘पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणून पाठवलं. पैसे मिळायला पिन कधीच लागत नाही! त्याला तिथेच ब्लॉक केलं. ती लेन्स शेवटी ग्रुपवरच्याच एका मुलाला दिली, रिंगवरच्या ओरखड्याचा फोटो आधी पाठवून.

परवा पहिला पाऊस झाला. लेन्सच्या डब्यातली ओल शोषणारी सिलिका जेल बदलली, अंधारात टॉर्च मारून बघितलं: बुरशीचं जाळं तेवढंच, नखाएवढं. फोटो काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “छान. पट्टकादंबांचे राहिलेत पाठवायचे.”