इंग्रजी बोलींचं ध्वनिभांडार: नटाच्या कानासाठी

चरित्र अभिनेत्याला ऑडिशनचा निरोप अनेकदा आदल्या संध्याकाळी येतो: ‘आयरिश शेतकरी, साठीचा.’ उच्चार-प्रशिक्षक गाठायला वेळच नसतो. अशा वेळी ‘इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश अर्काइव्ह’ हे इंग्रजी बोलींच्या ध्वनिमुद्रणांचं संकेतस्थळ उघडावं. स्वतः नट आणि उच्चार-प्रशिक्षक असलेल्या पॉल मायर यांनी ते १९९८ मध्ये सुरू केलं. ऐकायला पैसे पडत नाहीत.

बहुतेक ध्वनिमुद्रणांचे दोन भाग असतात. आधी ठरलेला उतारा वाचलेला, मग स्वतःबद्दल मोकळं बोलणं. ‘कॉमा गेट्स अ क्युअर’ हा ठरलेला उतारा ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांच्या १९८२ मधल्या २४ स्वरगटांवर (एकच स्वर असलेल्या शब्दांच्या गटांवर) बेतलेला आहे, त्यामुळे ‘बाथ’, ‘गूस’, ‘नर्स’ यांतले स्वर दोन वक्त्यांच्या तोंडी शब्दाला शब्द लावून तपासता येतात. जुन्या मुद्रणांत मात्र ‘रेनबो पॅसेज’ हा वेगळाच उतारा आहे. एक जुनं आणि एक नवं घेतलं की ही तुलना फसते.

खरा ऐवज दुसऱ्या भागात आहे. वाचताना माणूस उच्चार सावरून बोलतो. गप्पांत तो सैल होतो आणि बोलीची लय, आघात, वाक्याच्या शेवटी सूर चढतो की पडतो, हे सगळं तिथे सापडतं. म्हणून सुरुवात गप्पांपासूनच करावी.

निवड करताना देशाच्या नावावर थांबू नका. प्रत्येक मुद्रणासोबत वक्त्याचं जन्मवर्ष, गाव, शिक्षण, व्यवसाय आणि कुठे कुठे राहिला याची नोंद असते. ती आधी वाचा. दहा वर्षं परगावी काढलेल्या माणसाची बोली मिसळलेली असू शकते. भूमिकेच्या वयाचे, त्याच भागातले तीन वक्ते घ्या आणि तिघांत जे समान आहे तेवढंच उचला. एकाचीच नक्कल केली तर त्याचं बोबडेपणही बोली म्हणून रंगमंचावर येतं. मग वीस-तीस सेकंदांचा तुकडा घेऊन आधी फक्त सूर गुणगुणा, नंतर स्वर, व्यंजनं शेवटी. मराठी नटांनी तीन जागा वेगळ्या घोटाव्यात: ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपल्याकडे एकाच ‘व’त मिसळतात, इंग्रजी ‘टी’ आपल्या ‘ट’पेक्षा पुढे, दातांमागच्या हिरडीवर लागतो, आणि आघात असलेल्या शब्दारंभीच्या ‘पी’, ‘टी’, ‘के’ला बहुतेक इंग्रजी बोलींत हवेचा झोत लागतो.

उणिवा आहेत. अमेरिका आणि इंग्लंडची मुद्रणं भरपूर, काही देशांची मात्र एखाद-दुसरीच. तेवढ्यावरून त्या देशाची बोली ठरवणं धोक्याचं. ध्वनीचा दर्जाही सारखा नाही, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ ऐकायला हेडफोन लावाच. काही मुद्रणांना ध्वनिलिपी (उच्चार दाखवणाऱ्या चिन्हांतलं लेखन) आणि तज्ज्ञांची टिपणं जोडलेली आहेत, ती सगळ्यांना असती तर फार बरं झालं असतं.

आणि हे भांडार शिकवत नाही. जबडा किती सैल सोडायचा, जीभ कुठे विसावते, हे ऐकून कळत नाही. त्यासाठी समोर बसून तोंडाकडे पाहणारा प्रशिक्षक लागतो. दोन ओळींच्या भूमिकेला हे संकेतस्थळ पुरतं. संपूर्ण नाटकभर बोली पेलायची असेल तर निवडलेली तीन मुद्रणं घेऊन प्रशिक्षकाकडे जा, पहिला तास शोधाशोधीत जाणार नाही.